युरोपातला नियम, पण कायदा नव्हे! चार्जरपासून द्राक्षापर्यंत नियम ठरतात तरी कुठे?

द्राक्षाचा हंगाम जवळ आला की निफाड, दिंडोरीपासून तासगाव, मिरजपर्यंत एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘युरोपने कायदा बदलला.’ माल नाकारला गेला, दर पाडला गेला, नवा कागद मागितला गेला, की कारण हेच. ऐकणाराही मान डोलावतो. युरोपशी भांडायला कोण जाणार?

खोलात गेलं तर मात्र वेगळंच दिसतं. यातल्या बऱ्याच वेळा युरोपात कायदा बदललेलाच नसतो. कधी एखाद्या समितीने एक आकडा बदललेला असतो. कधी तिथल्या मोठ्या दुकानदारांनी मिळून नवी अट घातलेली असते. कधी तर एकाच दुकानसाखळीने स्वतःपुरता नियम केलेला असतो. बांधावर उभं राहिलेल्याला हे तिन्ही सारखेच वाटतात, कारण तिन्हीत माल अडतो. पण आधी माहिती कुठे मिळणार आणि तक्रार कुणाकडे करायची, हे तिन्हीत वेगळं आहे. म्हणून युरोपात नियम कसे जन्माला येतात हे समजून घेणं निर्यातदारापेक्षा शेतकऱ्याच्या जास्त फायद्याचं आहे.

आधी सरळ रस्ता पाहू. युरोपीय संघ म्हणजे २७ देश, सुमारे ४५ कोटी लोक आणि २४ अधिकृत भाषा. ब्रुसेल्समधला युरोपीय आयोग कायद्याचा मसुदा करतो. लोकांनी निवडून दिलेल्या ७२० सदस्यांची संसद आणि देशोदेशींच्या मंत्र्यांची परिषद, दोघांनी त्याला होकार दिला की कायदा होतो. आपल्याकडे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर व्हावं लागतं, तसंच काहीसं. फरक इतकाच की इथं प्रत्येक देशाचं घोडं वेगळ्या ठिकाणी पेंड खातं.

चॉकलेटचंच उदाहरण घ्या. चॉकलेटमध्ये कोकोच्या लोण्याशिवाय दुसरं वनस्पती तेल थोडं घातलं तर त्याला चॉकलेट म्हणायचं की नाही, यावर युरोपातल्या देशांचं जमेना. ब्रिटन, आयर्लंड, डेन्मार्क म्हणत होते घालू द्या. बेल्जियम, फ्रान्सवाले म्हणत होते छे, मग ते चॉकलेटच नव्हे. १९७३ मध्ये पहिला नियम झाला तेव्हा हा वाद तसाच ठेवला गेला. तो मिटला २००० मध्ये, पाच टक्क्यांपर्यंत तेल चालेल आणि वेष्टनावर तसं लिहायचं, या तोडग्यावर. एका चॉकलेटसाठी २७ वर्षं! या वेगाने यंत्रं, खेळणी, औषधं, मोबाईल यांचे नियम करायला बसलं तर शतक जाईल. म्हणून युरोपने कायद्याशिवाय नियम करण्याच्या निरनिराळ्या पायवाटा काढल्या.

पहिली पायवाट १९८५ मधली. ठरलं असं की कायद्यात फक्त मूळ अपेक्षा लिहायची. उदाहरणार्थ, खेळण्याने मुलाला इजा होता कामा नये. ते खेळणं नेमकं कसं बनवायचं, कुठला धातू किती, कुठला भाग किती जाड, हे मानकं ठरवणाऱ्या संस्थांनी लिहायचं. या संस्था सरकारी नाहीत. उद्योगांतले तज्ज्ञ तिथं बसतात. मानकाप्रमाणे वस्तू बनवली की ती कायद्याला धरून आहे असं मानलं जातं. तुमच्या चार्जरवर किंवा मुलाच्या खेळण्यावर ‘सीई’ अशी दोन अक्षरं असतील तर ती याच व्यवस्थेतली खूण आहे.

यात एक मजेशीर, खरं तर चीड आणणारी गोष्ट होती. कायदा फुकट वाचायला मिळतो, पण त्या कायद्याचा पोट भरणारी मानकं विकत घ्यावी लागत. म्हणजे नियम पाळा, पण वाचायचा असेल तर पैसे मोजा. दोन संस्था खेळण्यांच्या सुरक्षेची मानकं खुली करा म्हणून कोर्टात गेल्या. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ५ मार्च २०२४ रोजी निकाल त्यांच्या बाजूने दिला. ही मानकं युरोपच्या कायद्याचाच भाग आहेत आणि लोकांना ती पाहता आली पाहिजेत, असं न्यायालय म्हणालं. व्यवस्था सुरू झाल्यापासून हे ठरायला जवळपास ३९ वर्षं लागली.

दुसरी पायवाट आपल्या सगळ्यांच्या खिशातली आहे. १५ वर्षांपूर्वी घरात चार मोबाईल असले तर चार चार्जर असायचे. बारीक पिनचा, जाड पिनचा, चपटा, आणखी कुठला. युरोपातही तेच हाल होते. तिथं २००९ मध्ये सुमारे ३० प्रकारचे चार्जर चालू होते. आयोगाने कायदा आणायची तयारी दाखवली आणि कंपन्यांना सांगितलं की तुम्हीच मिटवा, नाहीतर आम्ही मिटवतो. जून २००९ मध्ये मोठ्या मोबाईल कंपन्यांनी एका करारावर सह्या केल्या आणि मायक्रो यूएसबी हा समान चार्जर मान्य केला. कायदा नाही, दंड नाही, फक्त शब्द. तरी काही वर्षांत ३० प्रकारांचे तीनवर आले. आपल्याकडे खेड्यातल्या दुकानातसुद्धा एकच पिन चालायला लागली त्यात या कराराचा हात मोठा होता. कंपन्या युरोपसाठी एक आणि भारतासाठी दुसरा असा फोन कशाला बनवतील?

पण शेवटचं टोक काही जुळेना. अॅपलने करारावर सही केली होती. करारात मात्र वेगळा जोड देऊन काम भागवायची मुभा होती, त्यामुळे आयफोनची पिन वेगळीच राहिली. २०१४ मध्ये कराराची मुदत संपली. २०१८ मध्ये कंपन्यांनी नवा मसुदा पुढे केला तो आयोगाला पुरेसा वाटला नाही. अखेर २०२१ मध्ये आयोगाने कायद्याचा मसुदा आणला आणि ४ ऑक्टोबर २०२२ रोजी युरोपीय संसदेत ६०२ विरुद्ध १३ मतांनी तो मंजूर झाला. २८ डिसेंबर २०२४ पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या मोबाईलला सी-टाईप जोडणी सक्तीची झाली. लॅपटॉपसाठी तारीख २८ एप्रिल २०२६ ठेवली गेली. अॅपलने वाट न पाहता सप्टेंबर २०२३ मध्येच आयफोन १५ सी-टाईप करून टाकला.

या १३ वर्षांच्या गोष्टीत एक मेख आहे. करार चालला तो चांगुलपणावर नाही. मागे कायद्याची काठी उभी होती म्हणून चालला. जिथं काठी दिसेनाशी झाली तिथं तो अडला.

मोटारींच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसलं. १९९८ मध्ये युरोपातल्या मोटार कंपन्यांच्या संघटनेने आपण होऊन वचन दिलं की २००८ पर्यंत नव्या गाड्यांचा कार्बन डायऑक्साइड सरासरी १४० ग्रॅम प्रति किलोमीटरवर आणू. २००८ उजाडलं तेव्हा सरासरी १५० च्या वरच होती. मग २००९ मध्ये कायदा आला. २०१५ पर्यंत १३० ग्रॅम, आणि जास्त निघालेल्या ग्रॅममागे, प्रत्येक गाडीमागे दंड. २०१५ मध्ये सरासरी १२० च्या आसपास आली. वचनाने दहा वर्षांत जमलं नाही ते दंडाच्या धाकाने मुदतीआधीच जमलं.

ऐच्छिक करारातून उठून जायलाही काही लागत नाही. समाजमाध्यमांवरच्या खोट्या बातम्यांना आळा घालण्यासाठी फेसबुक, गूगल, ट्विटर यांनी २०१८ मध्ये अशाच एका आचारसंहितेवर सह्या केल्या होत्या. मे २०२३ मध्ये ट्विटर त्यातून सरळ बाहेर पडलं.

युरोपाला हे धोके माहीत नव्हते असं नाही. डिसेंबर २००३ मध्ये आयोग, संसद आणि परिषद यांनी आपसात लिहूनच ठेवलं होतं की असे कायद्याऐवजीचे मार्ग कधी वापरायचे. लोकांचे मूलभूत हक्क किंवा मोठे राजकीय निर्णय यांचा प्रश्न असेल तिथं ते वापरायचे नाहीत. कागदावर हे उत्तमच आहे. पण एखाद्या औषधाचा आकडा शेतकऱ्याचं वर्ष बुडवतो तेव्हा तो ‘मोठा निर्णय’ की ‘तांत्रिक बाब’, हे ठरवणारा कोण?

तिसरी पायवाट तर कामगार आणि मालकांच्या हाती दिलेली आहे. युरोपात कामगारांशी संबंधित विषयावर आयोगाने आधी कामगार संघटना आणि मालक संघटनांना विचारायचं असतं. त्यांनी म्हटलं की आम्हीच बसून करार करतो, तर आयोग थांबतो. झालेला करार मग त्यांच्या विनंतीवरून मंत्र्यांची परिषद जशाच्या तसा कायद्यात घालू शकते. संसदेचं मत तिथं घ्यावं लागत नाही. डिसेंबर १९९५ मध्ये मूल झाल्यावर आईला आणि बापालाही किमान तीन महिने रजा मिळावी असा करार झाला आणि जून १९९६ मध्ये त्याचा कायदा झाला. बापाला रजा! चर्चेच्या टेबलावरून आलेली ही गोष्ट अनेक देशांच्या संसदांना तोवर सुचली नव्हती.

पण त्या टेबलावर खुर्ची नव्हती ती लहान उद्योगांच्या संघटनेला. पाच-दहा कामगारांच्या कारखान्यावर या रजेचा बोजा सर्वांत जास्त पडणार, आणि आम्हालाच बोलावलं नाही, असं म्हणत ते कोर्टात गेले. १९९८ मध्ये ते हरले. न्यायालयाने मात्र एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. इथं संसदेचा हात नाही, म्हणून सह्या करणारे खरोखर पुरेशा लोकांचे प्रतिनिधी आहेत का, हे आयोगाने आणि परिषदेने तपासायलाच हवं. याउलट कधी टेबलावर एकमत होतं, पण पुढे जात नाही. केशकर्तन व्यवसायातल्या कामगार आणि मालकांच्या संघटनांनी २०१२ मध्ये हातमोजे, न घसरणारी पादत्राणं वगैरे सुरक्षेच्या बाबींवर करार केला. ब्रिटनमधल्या वर्तमानपत्रांनी ‘आता ब्रुसेल्स उंच टाचांवर बंदी घालणार’ म्हणून गदारोळ केला. आयोगाने त्या कराराचा कायदा केलाच नाही. सरकारी कर्मचाऱ्यांच्या अशाच दुसऱ्या एका कराराबाबत २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की करार झाला म्हणून तो कायद्यासाठी पुढे पाठवायलाच हवा, असं आयोगावर बंधन नाही.

आणखी एक पद्धत आहे, तिच्यात नियम असा नसतोच. मार्च २००० मध्ये पोर्तुगालमधल्या लिस्बन शहरात युरोपच्या नेत्यांनी ठरवलं की रोजगार, गरिबी, संशोधन अशा विषयांवर कायदा करायचा नाही. समान उद्दिष्ट ठरवायचं, प्रत्येक देशाने आपला आराखडा द्यायचा, आणि सगळ्यांनी एकमेकांची प्रगती तपासायची. मागे राहील त्याला लाज वाटेल, पुढे असेल त्याच्याकडून शिकता येईल. आपल्याकडे त्याच सुमारास संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं होतं. शौचालय बांधा असा कायदा नव्हता, पण शेजारच्या गावाला बक्षीस मिळालं की आपल्या गावाला चटका बसायचा. युरोपात हा चटका फारसा बसला नाही. २०१० पर्यंत कामाच्या वयातल्या १०० पैकी ७० जणांना रोजगार हे उद्दिष्ट होतं, गाडी ६४ च्या आसपास थांबली. संशोधनावर उत्पन्नाच्या तीन टक्के खर्च करायचा ठरला होता, तो दोनच्या जवळपास राहिला. बक्षीस घेऊन गावात मिरवणूक निघते. देशांच्या तक्त्यात आपला देश कितवा हे तिथल्या सामान्य माणसाला ठाऊकही नसतं.

आता द्राक्षाकडे येऊ.

युरोपात जाणाऱ्या द्राक्षावर कीडनाशकाचा किती अंश चालेल याच्या मर्यादेला एमआरएल म्हणतात, हे निर्यातीच्या बागा असलेल्यांना सांगायला नको. यामागे मूळ कायदा एकच आहे, २००५ चा. तो संसद आणि परिषदेने रीतसर केला. सप्टेंबर २००८ पासून सगळ्या देशांना एकच मर्यादा लागू झाली. ज्या औषधासाठी वेगळा आकडा ठरलेला नाही त्याला सरसकट ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो. हा आकडा डोळ्यापुढे आणायचा तर १०० टन द्राक्षात एक ग्रॅम.

पण कायद्यात पद्धत लिहिली आहे. प्रत्येक औषधाचा आकडा संसद ठरवत बसत नाही. आपल्याकडे विधानसभा कायदा करते आणि त्याखालचे नियम मंत्रालयातून निघतात, त्यातलाच हा प्रकार. इटलीतल्या पार्मा शहरातली अन्न सुरक्षा संस्था शास्त्रीय मत देते. आयोग आकडा सुचवतो. २७ देशांच्या अधिकाऱ्यांची एक स्थायी समिती त्यावर मतदान करते. किमान ५५ टक्के देश आणि त्यांच्याकडे किमान ६५ टक्के लोकसंख्या असली की तो मंजूर. संसदेला आक्षेप घेऊन अडवता येतं, नाही घेतला तर आकडा राजपत्रात छापून येतो. सभागृहातलं भाषण नाही, टीव्हीवर बातमी नाही. वर्षभरात असे कितीतरी बदल होतात.

क्लोरपायरीफॉस घ्या, आपल्याकडे कित्येक पिकांवर मारलं जाणारं औषध. जानेवारी २०२० मध्ये युरोपने त्याची तिथली परवानगी पुढे न वाढवण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरपासून बाहेरून येणाऱ्या मालावरही ०.०१ ची मर्यादा लागू झाली. तिथल्या शेतकऱ्याचं औषध बंद झालं आणि दहा महिन्यांत इथल्या शेतकऱ्याचंही, निर्यातीपुरतं का होईना.

नाशिक-सांगलीकडचे जुने बागायतदार २०१० चा हंगाम विसरलेले नाहीत. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरण्यासाठी सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईड वापरलं जायचं. युरोपात त्याची मर्यादा ०.०५ होती. आपल्याकडे निर्यातीपूर्वी जी औषधं तपासायची त्या यादीत मात्र ते नव्हतंच. प्रयोगशाळेने दाखला दिला, माल निघाला, युरोपात तपासणीत सीसीसी सापडलं आणि कंटेनर अडकले. शेतकऱ्याने सांगितलेल्या सगळ्या तपासण्या केल्या होत्या. २००६ पासून अपेडाची ग्रेपनेट ही नोंदणीची व्यवस्थाही चालू होती. चुकली ती यादी. युरोपातला आकडा आणि आपल्याकडची यादी यांच्यामध्ये जी फट राहिली तिच्यात शेतकऱ्याचं वर्ष गेलं. पुढे सीसीसी तपासणीत आलं, पण कुणाचा कंटेनर त्यामुळे परत भरून आला नाही.

इथपर्यंतचा आकडा निदान सरकारी आहे. छापलेला आहे. त्याच्यावरचा मजला मात्र खासगी आहे.

ब्रिटनमध्ये १९९० च्या अन्न सुरक्षा कायद्याने दुकानदारावर जबाबदारी टाकली, पण ‘मी शक्य ती सगळी काळजी घेतली होती’ हे त्याने दाखवलं तर सुटकेची वाटही ठेवली. मग दुकानदार काळजी घेतल्याचा पुरावा कुणाकडे मागणार? माल पिकवणाऱ्याकडे. त्यात १९९६ मध्ये गाईंच्या रोगाचं प्रकरण झालं आणि गिऱ्हाईक घाबरलं. १९९७ मध्ये युरोपातल्या मोठ्या किरकोळ विक्रेत्यांनी एकत्र येऊन ‘युरेपगॅप’ नावाची शेतीची नियमावली सुरू केली. २००७ मध्ये तिचं नाव ‘ग्लोबलगॅप’ झालं. तिचं कार्यालय जर्मनीतल्या कोलोन शहरात आहे. फवारणीची नोंदवही, औषधाची कुलूपबंद खोली, मजुरांसाठी शौचालय आणि हात धुण्याची सोय, हे सगळं तिथून आलेलं आहे.

ग्लोबलगॅप कायदा नाही. युरोपात पाय ठेवायला ते सक्तीचं नाही, असं कुठलाही अधिकारी सांगेल आणि ते खरंही आहे. पण मोठी दुकानं त्याशिवाय माल घेत नाहीत, हेही तितकंच खरं. मग सक्ती म्हणजे आणखी काय असतं? या नियमावलीत मुख्य अटी शंभर टक्के आणि दुय्यम अटी ९५ टक्के पाळाव्या लागतात. लहान शेतकऱ्यांना गटाने प्रमाणपत्र घेता येतं. १०० जणांच्या गटात बाहेरचा तपासनीस साधारण दहा जणांची बाग पाहतो, कारण सदस्यसंख्येचं वर्गमूळ काढून नमुना ठरतो. खर्च वाटला जातो हा फायदा. एकाच्या ढिलाईने सगळ्यांचं प्रमाणपत्र अडचणीत येऊ शकतं हा तोटा.

त्याही वर आणखी एक माळा आहे. जर्मनीतल्या काही दुकानसाखळ्या सरकारी एमआरएलवर थांबत नाहीत. कुणी म्हणतं मर्यादेच्या एक तृतीयांशच चालेल, कुणी म्हणतं एका नमुन्यात चार किंवा पाचपेक्षा जास्त औषधांचे अंश नकोत. म्हणजे सरकारी प्रयोगशाळेच्या दृष्टीने पास झालेला माल दुकानाच्या दृष्टीने नापास. हे नियम राजपत्रात येत नाहीत. ते खरेदीदाराच्या ईमेलमध्ये असतात. निर्यातदाराला माहीत असतात, शेतकऱ्यापर्यंत येईतो त्याचं ‘युरोपने कायदा बदलला’ होतं.

याबद्दल जगाच्या पंचायतीत तक्रार झालेली आहे, आणि ती केली एका चिमुकल्या देशाने. जून २००५ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या सेंट व्हिन्सेंट अँड ग्रेनेडिन्स या बेटांनी जागतिक व्यापार संघटनेच्या समितीत प्रश्न मांडला. आमच्या केळी उत्पादकांना युरेपगॅपच्या अटी घातल्या जातात, त्या युरोपच्या सरकारी नियमांपेक्षा कडक आहेत, याला जबाबदार कोण? युरोपकडून उत्तर आलं की या अटी सरकारच्या नाहीत, दुकानदारांच्या आहेत, आणि त्या युरोपच्या कायद्याविरुद्ध जात नाहीत. त्यानंतर अशा खासगी अटींची नुसती व्याख्या काय करायची यावरच समितीत वर्षानुवर्षं चर्चा झाली आणि एकमत झालं नाही. ती संघटना सरकारांची आहे, दुकानांना नोटीस काढायची सोय तिच्याकडे नाही.

म्हणून ‘युरोपने कायदा बदलला’ असं कुणी सांगितलं की पॅकहाऊसवाल्याला किंवा निर्यातदाराला पहिला प्रश्न हा विचारावा : हा नियम नक्की कुणाचा? सरकारी एमआरएल असेल तर लपवण्यासारखं काही नाही. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर कीडनाशकांची माहिती सगळ्यांसाठी मोफत खुली आहे. पीक आणि औषध निवडलं की आकडा मोबाईलवरही दिसतो. पुण्याजवळ मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र द्राक्षावर वापरायच्या औषधांची यादी मर्यादा आणि काढणीपूर्व दिवसांसह काढतं. मागच्या वर्षीची यादी खिशात ठेवून फवारणी करू नये. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यामुळे २०२१ पासून त्याची यादी वेगळी झाली आहे, तेव्हा माल रॉटरडॅमला जाणार की इंग्लंडला, हेही विचारून घ्यावं.

ग्लोबलगॅपची अट असेल तर ती नियमावली खुली आहे. नवी आवृत्ती काढण्यापूर्वी मसुदा सूचनांसाठी मांडला जातो. आणि अट दुकानसाखळीची असेल तर तो निव्वळ व्यवहार आहे. ती सौद्याच्या आधी लेखी मागता येते आणि जास्तीच्या अटीचे जास्तीचे पैसेही मागता येतात. मिळतीलच असं नाही, पण हंगाम संपल्यावर मागून तर नक्कीच मिळत नाहीत.

सरकारी आकड्याच्या बाबतीत आणखी दोन दारं उघडी आहेत. मर्यादा बदलण्यापूर्वी युरोपने तसं जागतिक व्यापार संघटनेला कळवायचं असतं आणि इतर देशांना म्हणणं मांडायला साधारण ६० दिवस मिळतात. तिथं बोलायचं आपल्या सरकारने, पण सरकारला बोलायला लावायचं तर बागायतदारांच्या संघटनेला ते ६० दिवस चालू असतानाच माहीत असावं लागतं. दुसरं दार म्हणजे आयातीसाठी वेगळी मर्यादा मागण्याचा अर्ज. एखादं औषध युरोपात वापरात नसलं तरी बाहेरच्या पिकासाठी पुरेसा शास्त्रीय पुरावा दिला तर ०.०१ ऐवजी वेगळा आकडा मागता येतो. असे अर्ज बहुतेक औषध कंपन्याच करतात, कारण शेतावरच्या चाचण्या आणि अहवाल यांचा खर्च मोठा असतो. पण २००५ च्या त्या कायद्यात अर्ज कोण करू शकतो याची जी यादी दिली आहे तिच्यात कंपन्या आणि आयातदारांबरोबर पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचाही उल्लेख आहे.